पायउतार

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी, सकाळी सव्वासहाच्या सुमारास, टिळक रस्त्यावरच्या एका सिग्नलपाशी मी सायकलीसह आडवा झालो. ही बातमी पुढे आमच्या सोसायटीत ज्या ज्या रूपांनी फिरली, त्यांतले एकही रूप खरे नव्हते. मला मोटारीने उडविले नव्हते, रिक्षाने हूल दिली नव्हती, आणि पुणेकरांचा विश्वास बसणार नाही, पण तिथे खड्डाही नव्हता. सिग्नल लाल झाला, मी कायद्याप्रमाणे थांबलो, आणि थांबलो म्हणूनच पडलो. केळीचा खुंट बुंध्याशी तोडला की तो जसा क्षणभर उभाच राहतो आणि मग सावकाश कलतो, तसा मी डावीकडे कललो. माझे दोन्ही पाय पायडलांना जखडलेले होते आणि ते सोडवायचे कसे, हे नेमके त्या क्षणी मला आठवेना. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून माझ्याकडे मोठ्या करुणेने पाहिले आणि तो म्हणाला, "काका, पाय टेकवायचा ना!"

पुष्कळसे शहाणपण असे पडून झाल्यावरच कानी येते. पण या चार शब्दांपाशी मला पुढे दोन महिने परत परत यावे लागले, म्हणून ते आधी सांगून ठेवले.

या सदराचे नेहमीचे वाचक मला वर्गात, ग्रंथालयात आणि फार तर मंडईत भेटले आहेत. सायकलीवर मी त्यांना प्रथमच भेटतो आहे, आणि तेही पडलेल्या स्थितीत, याबद्दल क्षमा असावी. एरवी मला दीड पानात आटोपावे लागते. दिवाळी अंकात संपादक जरा पाय पसरू देतात, म्हणून पायांचाच विषय घेतला. गेले दोन महिने आमच्या घरात एकच प्रश्न गाजत होता: सायकलीसाठी मी कोणते बूट घ्यावेत? रस्त्याचे की डोंगराचे?

मुळात पंचेचाळिशीतल्या मराठीच्या प्राध्यापकाने सायकलीवर बसावेच का, असे कुणी विचारील. त्याचे एक उत्तर डॉक्टरांपाशी आहे. त्यांनी मला रक्तातल्या साखरेचा आकडा दाखविला आणि चाला, पोहा किंवा सायकल चालवा असे तीन पर्याय दिले. चालायला लागलो तर वाटेत माजी विद्यार्थी भेटतात आणि प्रत्येकापाशी दहा मिनिटे उभे राहावे लागते. पोहण्याच्या बाबतीत मी आणि पाणी यांचे फारसे जमत नाही. राहिली सायकल.

दुसरे उत्तर मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही, सौ.लाही नाही. आमची कन्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दर रविवारी पहाटे सायकल घेऊन कात्रजच्या जुन्या घाटाकडे जाते. घरात ती असते तेव्हा तिच्या खोलीचे दार लोटलेले असते आणि कानांत काहीतरी खोचलेले असते. येत्या जानेवारीत शेवटच्या सहामाहीच्या कामासाठी ती बंगळूरला जाणार आहे, आणि पुढे नोकरीही तिथेच लागेल अशी चिन्हे आहेत. मी भिंतीवरच्या कालनिर्णयात मोजले. श्रावणापासून जानेवारीपर्यंत वीस-बावीस रविवार निघाले. हे रविवार तरी तिच्याबरोबर काढावेत म्हणून मी एक जुनी सायकल विकत घेतली आणि तिच्याबरोबर निघू लागलो. पण आम्ही बरोबर निघतो याचा अर्थ फाटकापासून सारसबागेपर्यंत बरोबर असतो. त्यानंतर मला दिसतो तो तिच्या सायकलीचा मागचा तांबडा दिवा, आणि थोड्या वेळाने तोही दिसत नाही.

ही व्यथा मी अर्थातच निराळ्या शब्दांत, म्हणजे 'वेग कमी पडतो' अशा शब्दांत, पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांच्या कानी घातली. त्यांनी मला स्टाफरूममध्येच निदान सांगितले. कॅनव्हासच्या बुटांचा तळवा मऊ असतो, दाब दिला की तो वाकतो, पाय पायडलावरून सरकतो आणि श्रम वाया जातात. कडक तळव्याचे आणि पायडलात अडकणारे बूट हवेत. त्यांच्याकडे रस्त्याच्या सायकलीचे असे बूट होते. आमच्या दोघांचाही पाय बेचाळीस नंबरचा निघाला. त्यांनी बूट आणि पायडले, दोन्ही मला आठवडाभर वापरायला दिली. पायडले बसविताना डाव्या पायडलाचा आटा उलटा असतो हे मी विसरलो आणि अर्धा तास ते घट्ट करतो आहे असे समजून सैल करीत राहिलो. तो अपशकुन मी ओळखायला हवा होता. त्याच रविवारी टिळक रस्त्यावर तो प्रसंग घडला.

माझ्या पडण्यात भाषेचाही थोडा दोष आहे. या पायडलांना इंग्रजीत 'क्लिपलेस' म्हणतात. क्लिपलेस म्हणजे ज्यात काही अडकत नाही ते, असा सरळ अर्थ मी केला. तो वर्गात पूर्ण गुणांना पात्र ठरला असता. प्रत्यक्षात ज्यांत पाय सगळ्यांत घट्ट अडकतो, त्याच पायडलांना हे नाव आहे! नंतर कळले की पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पायडलांवर पुढे एक पिंजरा असे. त्यात पायाचे टोक घालून वरून चामड्याचा पट्टा आवळायचा. त्या पिंजऱ्याला क्लिप म्हणत. नव्या पायडलाला पिंजरा नाही, म्हणून ते क्लिपलेस. निर्गुण म्हटलेल्या देवाचे गुण गाण्यात ज्यांची सात शतके गेली त्या मराठी माणसाने या विसंगतीवर हसू नये, म्हणून मी हसलो नाही.

कुतूहल जागे झाले म्हणजे आमच्यासारखा माणूस आधी वस्तू घेत नाही, आधी तिचा इतिहास वाचतो. तो असा. फ्रान्समधील 'लूक' ही कंपनी बर्फावरून घसरणाऱ्यांच्या पट्ट्यांना बूट जखडून ठेवणारे सांधे बनवीत असे. त्या सांध्यांचे कौशल्य असे की एरवी ते पाय धरून ठेवतात, पण माणूस पडताना पाय पिळला की आपोआप सोडून देतात. हीच युक्ती त्यांनी १९८४ मध्ये सायकलीच्या पायडलाला लावली. बुटाच्या तळाशी तीन स्क्रूंनी बसविलेला एक तिकोनी तुकडा पायडलात खट्कन बसतो आणि टाच बाहेरच्या बाजूला वळविली की सुटतो. या तुकड्याला क्लीट म्हणतात. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बर्नार इनो या फ्रेंच स्वाराने अशी पायडले वापरून तूर द फ्रान्स ही शर्यत पाचव्यांदा जिंकली, आणि पिंजऱ्याचे दिवस भरले. म्हणजे माणूस पडला तर पाय सुटावा म्हणून निघालेल्या युक्तीने मी, पाय सुटला नाही म्हणून, पडलो होतो.

डोंगरावर सायकल नेणाऱ्यांची अडचण वेगळी होती. तिथे वाट मध्येच संपते, ओढा लागतो, दगड येतात. सायकल ढकलावी लागते, कधी खांद्यावर घ्यावी लागते. तळव्याखाली तिकोनी तुकडा बाहेर आलेला बूट घालून दगडावर पाय ठेवला तर स्वार आणि सायकल दोघेही ओढ्यात जायचे. म्हणून १९९० मध्ये जपानच्या 'शिमानो' कंपनीने एक लहानसा धातूचा तुकडा काढला. तो दोनच स्क्रूंनी बसतो आणि बुटाच्या तळव्यातल्या खोबणीत आत लपलेला असतो. भोवती रबराच्या जाड नक्ष्या असतात. चालताना जमिनीला रबर लागते, धातू फारसा लागत नाही. पायडलही दोन्ही बाजूंनी सारखे, त्यामुळे पाय कसाही ठेवला तरी बसतो. रस्त्याच्या पायडलाची कामाची बाजू एकच. ती आधी बुटाच्या टोकाने वर आणावी लागते, आणि सिग्नल हिरवा झाल्यावर मागचे लोक हॉर्न वाजवीत असताना ती कधीच वर येत नाही.

पडल्यानंतरचा रविवार मात्र माझा होता. सहकाऱ्यांनी माझ्या पायडलांचे स्प्रिंग तपासले. ते त्यांच्या स्वतःच्या पोलादी पायांना साजेसे आवळलेले होते. त्यांनी ॲलन-कीने स्क्रू सैल करून दिला. मी आठवडाभर घराच्या भिंतीला हात टेकून पाय अडकविण्याचा आणि सोडविण्याचा सराव केला. सौ. भाजी निवडता निवडता पाहत होती. "मुलं चालायला शिकतात तेव्हा अशीच भिंत धरतात," एवढेच ती म्हणाली.

त्या रविवारी मी कात्रजपर्यंत कन्येच्या मागच्या चाकाला चिकटून गेलो! पाय जणू सायकलीचाच एक भाग झाला होता. दिलेला दाब सगळा चाकात जात होता. हे बूट हलके असतात, तळवा फळीसारखा ताठ असतो, आणि जोरात पळताना पाय उसळून पायडलावरून निघत नाही, हा त्यांचा खरा फायदा. पायडल वर ओढूनही पुष्कळ जोर मिळतो असे सांगतात, ते मात्र फारसे मनावर घेऊ नये. बहुतेक सगळी ताकद पाय खाली दाबतानाच लागते. घाटाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिले. तिने अंगठा वर केला. मग मला एक गोष्ट जाणवली. सबंध बारा किलोमीटरांत आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. मी तिला गाठले होते, पण बोलायला माझ्या छातीत श्वास नव्हता आणि तिच्या कानांत वारा भरला होता.

परतताना तिचे मागचे चाक पंक्चर झाले. ठिगळाचा डबा दोघांकडेही नव्हता. पंक्चरवाला किलोमीटरभर पुढे होता. आम्ही उतरून चालू लागलो, आणि रस्त्याच्या बुटांची दुसरी बाजू माझ्या ध्यानी आली. तिकोनी तुकडा पुढे असल्यामुळे पायाची बोटे वर आणि टाच खाली, अशा थाटात बदकासारखे चालावे लागते. प्लास्टिकचा तुकडा डांबरावर घासून झिजतो तो वेगळाच. पावसाने ओल्या झालेल्या एका फरशीवर मी असा घसरलो की टपरीवाल्याने चहाचे पातेले बाजूला घेतले. कन्येकडेही असेच बूट. पण ती अनुभवी. तिने खिशातून दोन रबरी टोप्या काढल्या. त्या तुकड्यांवर चढविल्या की चालता येते. एक टोपी तिने स्वतःच्या डाव्या बुटाला लावली आणि एक माझ्या उजव्याला. असे आम्ही दोघे बापलेक, एका पायाने टक् आणि एका पायाने थप् असे वाजवीत, सातारा रस्त्याने चाललो.

ती हसत होती. कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसत होती. मग आपणहून बोलू लागली. मैत्रिणींचे, प्रोजेक्टचे, मेसच्या डब्यांचे. मध्येच म्हणाली, "बाबा, बंगळूरचं ना..." आणि तेवढ्यात पंक्चरवाला आला. वाक्य तिथेच राहिले. पंक्चर निघाले, आम्ही सायकलींवर बसलो आणि तिचा तांबडा दिवा पुढे गेला.

त्या अर्धवट वाक्यासह मी बुटांच्या दुकानात गेलो. दुकानदार पंचविशीतला, बोलका पोरगा होता. मी मराठीचा प्राध्यापक आहे हे कळताच त्याने आधी दहावीतल्या गुणांबद्दल माझी क्षमा मागितली. मग माझ्यापुढे दोन खोकी उघडून ठेवली. "सर, हे रोडचे आणि हे एमटीबीचे." पहिल्याला मराठीत काय म्हणावे, याचा मी विचार केला. 'सडकी बूट' असा शब्द सुचला, पण एवढी किंमत मोजून सडके बूट घेणे मनाला पटेना.

"माझी सायकल रस्त्याचीच आहे," मी म्हणालो. "म्हणजे रस्त्याचेच बूट घ्यायला हवेत, नाही का?"

"तसं काही नाही सर," तो म्हणाला. "बूट सायकलला बघून घ्यायचे नसतात, पायडलला बघून घ्यायचे असतात. आणि पायडलचे आटे दोन्ही सायकलींना सारखेच. रोडच्या सायकलला एमटीबीचं पायडल लावा, कोणी अडवत नाही. तुम्ही रेस करणार का?"

मी माझ्या पोटाकडे पाहिले. त्यानेही पाहिले.

"मग तुम्ही मधेमधे किती वेळा उतरता ते सांगा," तो म्हणाला.

या मुलाकडून मी अर्ध्या तासात जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडेल. दोन्ही बुटांच्या वजनात जोडीमागे शे-दीडशे ग्रॅमचा फरक पडतो. शर्यतीत तो मोठा, माझ्यासारख्याने एक वेळची जिलबी सोडली तरी भरून निघणारा. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि लांबच्या प्रवासात तर आणखीच फुगतो. बोटांना हलायला जागा हवी, टाच मात्र उचलली जाता कामा नये. तुकडा चवड्याच्या उंचवट्याखाली बसवावा. फार पुढे बसविला तर पोटरी बोलू लागते आणि तिरका बसला तर गुडघा. काही तुकडे पायाला थोडे इकडेतिकडे वळू देतात, काही अजिबात देत नाहीत. ज्यांच्या गुडघ्यांना वय झाले आहे त्यांनी वळू देणारे घ्यावेत. डोंगरी प्रकारात तर टाच एकाहून अधिक दिशांना वळवून सुटणारे तुकडेही मिळतात, आणि नवशिक्याने तेच लावावेत. शिवाय एक बाजू अडकविण्याची आणि एक बाजू साधी अशी पायडलेही निघाली आहेत. मंडईत जाताना साध्या चपलेनेही ती चालतात.

त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. शर्यत न करता ठरलेल्या वेळात लांबचे अंतर तोडणाऱ्यांचा एक पंथ आहे. त्या प्रवासाला 'ब्रेव्हे' म्हणतात. दोनशे किलोमीटरांना साडेतेरा तास, तीनशेंना वीस, चारशेंना सत्तावीस आणि सहाशेंना चाळीस तास. या पंथाची पंढरी म्हणजे पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन पुन्हा पॅरिसकडे येण्याचा सुमारे बाराशे किलोमीटरांचा प्रवास. तो १८९१ मध्ये प्रथम झाला आणि आता चार वर्षांनी एकदा होतो. २०२३ मध्ये तो झाला तेव्हा आपल्याकडचेही कितीतरी स्वार गेले होते. जास्तीत जास्त मुदत नव्वद तास. एवढे कसलेले हे लोक, त्यांच्या पायांत शर्यतीचे बूट असतील असे मला वाटले. "बरेच जण एमटीबीचे घालतात," दुकानदार म्हणाला, "काही तर क्लीटवाले सँडल घालतात. ठरलेल्या ठिकाणी थांबून नोंद करायची, जेवायचं, कुठंतरी दोन तास झोपायचं, पायऱ्या चढायच्या. एवढ्या लांब जाणाऱ्याला उतरावं तर लागणारच ना सर!"

मी दोन्ही बूट घालून पाहिले. रस्त्याचे बूट दिसायला फार देखणे होते. चकचकीत, निमुळते, शार्दूलविक्रीडितासारखे; एक अक्षर इकडचे तिकडे खपवून न घेणारे. डोंगरी बूट ओवीसारखे. कुठेही वाकावे, कुठेही थांबावे, कसेही पाऊल टाकावे. आयुष्यभर वर्गात ओवीची थोरवी सांगणाऱ्या माझा हात मात्र शार्दूलविक्रीडिताकडे जात होता. त्या बुटांत मी पस्तिशीचा दिसत होतो. दुकानदाराने दोन दिवसांच्या बोलीवर दोन्ही खोकी घरी नेऊ दिली.

घरी दादांच्या खाटेपाशी सभा भरली. दादा म्हणजे माझे वडील. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. खडकीच्या कारखान्यात त्यांची नोकरी झाली, आणि सदाशिव पेठेतून खडकीला ते वर्षानुवर्षे सायकलीने गेले. पायांत चप्पल, पँटीला चिमटा, हँडलला डबा. त्या काळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, आणि कारखाना सुटला की नुसत्या घंटांचा आवाज रस्त्यावर भरून राही, असे ते सांगतात. त्यांनी दोन्ही बूट हातांत घेतले, उलटे केले, तळव्यावर टिचकी मारली.

"ह्यात चालायचं कसं?" रस्त्याचा बूट दाखवून त्यांनी विचारले.

"चालायचं नसतंच दादा. हे फक्त सायकलीवर."

"आणि चढ आला की?"

"चढ सायकलीवरूनच चढायचा."

"तू चढतोस?"

"कधी चढतो. कधी उतरतो."

"मग तुझे पाय उतरणाऱ्याचे आहेत आणि बूट तुला न उतरणाऱ्याचे हवेत," दादा म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडले. "ती तेवढी बारीक बुटं घेऊन ये एकदा तिच्यासाठी. तिचे झिजलेत."

दादांच्या त्या बोलण्याने मला धनकवडीचा चढ आठवला. लहानपणी सुट्टीच्या दिवशी दादा मला सायकलीच्या दांडीवर बसवून धनकवडीला आत्याकडे नेत. सपाट रस्त्यावर ते बोलत नसत. मला ऐकू येई तो फक्त चेनचा आवाज आणि त्यांचा श्वास. चढ लागला की ते उतरत, मला मात्र दांडीवरच राहू देत, आणि एक हात हँडलवर नि एक हात सीटवर ठेवून सायकल ढकलीत चालू लागत. मग त्यांना कंठ फुटे. आपले गाव, विहीर, पुण्यात आल्यावर पहिल्या महिन्यात रडलेलो, मॅट्रिकला एकदा नापास झालेलो, हे सगळे त्यांनी मला त्या चढावर सांगितले. घरात चारचौघांत त्यांनी यातले काही कधी सांगितले नाही. आज मागे वळून पाहतो तेव्हा माझ्या वडिलांची मला जी काही ओळख आहे, ती बरीचशी त्या अर्ध्या-पाऊण किलोमीटरात झालेली आहे. दादांच्या अंगात जोर कमी पडला आणि ते उतरले, एवढ्यावर ती अवलंबून होती. त्या वेळी मला मात्र मित्रांचे वडील मोटारसायकलीवरून भुर्रकन जाताना पाहून दादा उतरतात याची लाज वाटे.

'पायउतार' हा आमच्या भाषेतला एक सुरेख शब्द आहे. वर्तमानपत्रांनी तो मंत्र्यांना देऊन टाकला, त्यामुळे हल्ली त्याला पराभवाचा वास येतो. मूळचा अर्थ साधा. घोड्यावरून, वाहनावरून उतरून आपल्या पायांवर उभे राहणे. थोरामोठ्यांना मान द्यायचा तर चांगले चांगले स्वार पायउतार होत. मी हा शब्द वर्गात अनेकदा फोडून सांगितला आहे. स्वतः मात्र तो सिग्नलपाशी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी डोंगरी बूट ठेवून घेतले आणि रस्त्याचे परत केले. त्याबरोबर कन्येच्या मापाचे रस्त्याचे एक जोड घेतले. सौ.ने दोन्ही पावत्या पाहिल्या आणि दिवाळीला आपल्याला चप्पलही नको आहे असे अशा सुरात सांगितले की मी तिसरी खरेदीही तेव्हाच करून आलो.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही कात्रजचा जुना घाट चढू लागलो. अर्ध्या वाटेवर माझी छाती भरून आली. महिनाभरापूर्वी मी दात ओठ खाऊन रेटले असते. त्या दिवशी टाच वळविली, पाय सहज सुटला, आणि मी उतरून चालू लागलो. खाली रबर असल्याने आवाजही झाला नाही. कन्या वरच्या वळणाआड गेली होती. पाचेक मिनिटांनी ती परत खाली येताना दिसली.

"काय झालं? पडलास?"

"नाही. उतरलो."

ती माझ्याभोवती सायकल वळवून पुन्हा चढाला लागली. पण आता ती पुढे गेली नाही. सगळ्यांत हलका गिअर टाकून, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी काढीत, ती माझ्या चालीने चढत राहिली. रस्त्यावर वर्दळ नव्हती. बराच वेळ आम्ही गप्प होतो. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाबा, मला जायचं नाहीये असं नाही. पण मला भीती वाटतेय. सगळे म्हणतात किती छान. मला तिथं जमलंच नाही तर?"

वर्गात मला कुठल्याही प्रश्नावर चाळीस मिनिटे बोलता येते. तिथे काही सुचेना. मी दहा पावले चाललो. मग म्हणालो, "नाही जमलं तर पाय टेकवायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे परत यायचं. नाहीतर थोडं थांबायचं. दादा पुण्यात आले तेव्हा पहिला महिना रडत होते, माहीत आहे तुला?"

"आजोबा?" तिने इतक्या आश्चर्याने विचारले की तिची सायकल डगमगली. क्षणभर वाटले, ही आता टिळक रस्त्यावरच्या माझ्यासारखी आडवी होणार. पण खट् असा आवाज झाला, तिचा पाय सुटला आणि जमिनीला टेकला. ती उतरली. खिशातून दोन्ही रबरी टोप्या काढून तिने नव्या बुटांना लावल्या, आणि आम्ही बोगद्यापर्यंत चालत गेलो. दादांची मॅट्रिकची गोष्टही मी तिला सांगितली. थोडी तिखटमीठ लावूनच सांगितली, कारण चढ अजून बराच बाकी होता.

ती जानेवारीत जाणारच आहे. तिची भीती त्या चढावर संपली असे मी म्हणणार नाही. माझीही संपलेली नाही. तिने बंगळूरला सायकल न्यायची की नाही यावर आता घरात नवी सभा भरली आहे. मला कुणी वाचकाने विचारलेच, तर बुटांविषयीचे माझे मत असे: ज्याला वेळ गाठायची आहे त्याने रस्त्याचे घ्यावेत आणि खिशात दोन टोप्या ठेवाव्यात. ज्याला माणसे गाठायची आहेत त्याने डोंगराचे घ्यावेत. दोघांनीही स्प्रिंग सैल ठेवावे आणि सिग्नल दिसताच, तो लाल होण्याची वाट न पाहता, एक पाय सोडवून घ्यावा.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा दादा खाटेवर बसून पेपर वाचीत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्या बुटांकडे पाहिले. तळव्याच्या नक्ष्यांत घाटातली लाल माती बसली होती.

"उतरलास वाटतं," ते म्हणाले.

"उतरलो."

"बरं केलंस," दादा म्हणाले, आणि त्यांनी पान उलटले.